दोनशे लिटरचा समुद्र

नोकरीत काय करता असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "धुतो." ऐकणाऱ्याला चेष्टा वाटायची. पण कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जो सहाय्यक असतो, त्याचं निम्मं आयुष्य खरोखर धुण्यात जातं. काचपट्ट्या धुवा, बशा धुवा, मेणाचे ट्रे धुवा, मोरीत अडकलेली झुरळाची तंगडी काढा. उरलेल्या निम्म्यात बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदला, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरचे बोटांचे ठसे पुसा आणि परीक्षेच्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षकांना चहा नेऊन द्या. मी एक्क्याऐंशी साली लागलो. गाव वडीगोद्री. शेती भाऊ बघायचा. कॉलेजचं नाव लिहीत नाही, जिल्हा जालना एवढं पुरे.

तेव्हा मुलांना चिरायला बेडूक लागायचे आणि ते आणणं माझ्याकडं होतं. शहागडला गोदावरीच्या काठानं हिंडून पोत्यात बेडूक भरायचो आणि एसटीनं परत यायचो. एकदा गाडीत पोतं ओरडायला लागलं. कंडक्टरनं विचारलं, "काय हे यात?" म्हणलं, "कॉलेजचं सामान आहे." तो म्हणाला, "सामान डराव डराव करतंय व्हय? उतर खाली." भर उन्हात मी आणि साठ बेडूक रस्त्याच्या कडेला दोन तास बसलो होतो.

लोकही काय काय आणून द्यायचे. एका शेतकऱ्यानं दोन तोंडांचं मेलेलं वासरू बैलगाडीत घालून आणलं होतं. "बरणीत ठेवा," म्हणाला. एवढी मोठी बरणी नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. असल्या गोष्टी सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही. आणि खरं सांगायचं तर आता त्या सांगायचाही कंटाळा येतो. तीस वर्षांतली एकच गोष्ट अंगाला चिकटून राहिली आहे, ती सांगतो आणि मोकळा होतो.

नव्वद सालाच्या मागंपुढं आमच्याकडं धर्माधिकारी मॅडम शिकवायला आल्या. औरंगाबादच्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. पीएच.डी. करत होत्या. विषय ऐकून स्टाफरूममध्ये आठ दिवस हसणं चाललं होतं. विषय होता समुद्रातलं पोवळं. आमच्या गावापासून समुद्र चारशे किलोमीटर आणि कॉलेजच्या नळाला पाणी एक दिवसाआड.

मॅडमनी मला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं ते मला अजून पाठ आहे. पोवळं हा दगड नव्हे, जनावर आहे. लहान लहान हजारो जनावरं एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांना जागेवरून हलता येत नाही. पण त्यांची पिल्लं तरंगती असतात. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पिल्लू. डोळे नाहीत, नाक नाही, अंगावर नुसती बारीक लव. ते पाण्यात फिरत फिरत दगडांना तोंड लावून बघतं. हा नको, तो नको. आणि एखाद्या दगडावर त्याला पाहिजे ती खूण मिळाली की तिथं बसतं. एकदा बसलं की जन्मभराचं बसलं. उठता येत नाही.

"खूण म्हणजे काय मॅडम?" मी विचारलं.

"वास म्हणा, चव म्हणा. समुद्रातल्या दगडांवर एक गुलाबी खपली चढते. ती एक वनस्पतीच आहे. त्या खपलीतून आणि तिच्यावर वाढणाऱ्या जिवाणूंमधून काही रसायनं येतात. पिल्लाला ती कळतात. इथं आपलं भागेल, एवढं त्याला त्यावरून समजतं."

"अन् न्हाई सापडला तसला दगड, तर?"

"फिरत राहतं. फिरून फिरून मरतं."

दिवाळीच्या सुट्टीत मॅडम परवानगीचं पत्र घेऊन रामेश्वरकडं गेल्या आणि आगगाडीनं पोवळं घेऊन आल्या. मी जालन्याला स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. दोन रात्री त्या थर्मोकोलची पेटी मांडीवर धरून बसल्या होत्या. पेटीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप गुरगुरत होता. डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "दत्ताभाऊ, आधी पेटी धरा, बॅग राहू द्या." पेटीत फुलकोबीच्या गड्ड्याएवढी दोन तपकिरी पोवळी होती आणि गुलाबी खपलीचे सात-आठ दगड.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आम्ही दोनशे लिटरची काचेची टाकी बसवली होती. समुद्राचं पाणी म्हणजे नुसतं मीठपाणी नव्हे. सात-आठ क्षार मापानं घालावे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते दोन दिवस उघडं ठेवून मग घ्यायचं. खारेपणा बघायला काचेची तरंगती नळी असते. ती रोज सकाळी मी पाण्यात सोडायचो आणि मॅडमच्या वहीत आकडा लिहायचो. मॅडमच्या वहीत लिहायला मिळतं याचा मला अभिमान होता. बाकीच्या मास्तरांनी मला आजवर फक्त कपबशांचा हिशेब विचारला होता.

थंडीत एका पहाटे पोवळ्यानं पहिली पिल्लं सोडली. मोजकीच होती. मॅडमनी ती ड्रॉपरनं उचलून एका बशीत गुलाबी खपलीचा तुकडा ठेवून सोडली आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. मी तोवर हजार मुलांना ते यंत्र लावून दिलं होतं, पण स्वतः असा निवांत बसून कधी बघितलं नव्हतं. एक पिल्लू खपलीवर उतरलं. गोल फिरलं. वर गेलं. परत उतरलं. एका जागी टेकलं, थांबलं, आणि आमच्या देखत हळूहळू चपटं होत गेलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तिथं टाचणीच्या डोक्याएवढं फूल बसलेलं होतं. मॅडमनी पदरानं डोळे पुसले आणि वहीत वेळ लिहिली.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. त्यांच्या गाइडनी कळवलं, संख्या फार थोडी आहे, पुढच्या वेळी भरपूर पिल्लं आली की साधा दगड, खपलीचा दगड, उकळलेल्या खपलीचा दगड, असं वेगवेगळ्या भांड्यांत रीतसर करून दाखवा. मार्चअखेर अहवाल गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. आधीच एक मुदतवाढ घेऊन झाली होती.

त्या वर्षी पाऊसही बेताचाच झाला होता. माघातच कॉलेजच्या गेटाशी टँकर यायला लागला. मी दोन बादल्या घेऊन रांगेत उभा राहायचो. आमच्याकडं झाडलोट करणारी गयाबाई एक दिवस माझ्या पुढं होती. साठीला आलेली, तोंडाची फटकळ.

"दत्ता, घरी न्यायला का रे पाणी?"

"न्हाई मावशी, प्रयोगाला."

"त्या दगडाला? माणसं घागर घागर करून राह्यलीत अन् तू पाण्यात मीठ कालवून राह्यला! पाप लागंल पाप."

मी तिला हाताला धरून टाकीपाशी नेलं. त्या वेळी पोवळं फुललेलं होतं. बारीक बारीक हात बाहेर काढून पाण्यात हलत होतं. गयाबाई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"जित्तं हाय की रे हे," म्हणाली.

"जित्तंच आहे."

"मंग आणलंच कशाला इतक्या लांब, बिचाऱ्याला?" दुसऱ्या दिवशी मात्र रांगेत तिनं मला पुढं घेतलं. बायका ओरडल्या तर म्हणाली, "जाऊ द्या, त्याच्याकडं आजारी जनावर हाय."

प्राचार्यांनी मॅडमना सांगून ठेवलं होतं, मार्चपर्यंत ठीक, एप्रिलपासून टाकीला एक थेंब मिळणार नाही. म्हणजे आता एकच संधी होती. मॅडम पंचांग बघून तिथी मोजत होत्या, कारण ही पिल्लं चंद्राच्या हिशेबानं सुटतात. आणि नेमका तेव्हाच औरंगाबादहून निरोप आला, वडील दवाखान्यात आहेत. मॅडम सहा दिवसांसाठी गेल्या. जाताना म्हणाल्या, "दत्ताभाऊ, फक्त हवा चालू ठेवा, खारेपणा बघा, बाकी कशाला हात लावू नका." हे शब्द त्यांनी उच्चारले होते, मी ऐकले होते, त्यात काही संशय नाही.

त्याच आठवड्यात विद्यापीठाची समिती तपासणीला यायची होती. आदल्या दिवशी प्राचार्य फेरीवर आले. टाकीपाशी थांबून त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय रे दत्ता? काचेवर शेवाळ, दगडांवर बुळबुळ. समितीला हेच दाखवायचं का? तुझ्यासारखा माणूस असून लॅब अशी?"

"मॅडमनी हात लावू नको म्हणून सांगितलंय साहेब."

"मॅडम इथं आहेत का? उद्या सकाळी चकाचक पाहिजे."

त्यांनी एवढंच म्हटलं. दगड घासून काढ असं ते म्हणाले नव्हते, हे मला लिहिलं पाहिजे. काचा पुसल्या असत्या तरी चाललं असतं. पण 'तुझ्यासारखा माणूस असून' हे मला झोंबलं. दहा वर्षांत माझ्या प्रयोगशाळेला कुणी घाण म्हटलं नव्हतं. मी पोवळ्यांना हात लावला नाही, तेवढी अक्कल होती. दगड मात्र एकेक करून बाहेर काढले. अंघोळीला घेतो तसलं कडत पाणी केलं, त्यात धुण्याची पावडर टाकली, दगड भिजत घातले आणि मऊ ब्रशनं अलगद चोळले. वरची तपकिरी बुळबुळ निघून गेली. खालची गुलाबी खपली तशीच राहिली, उलट आणखी उजळली. मला वाटलं, किती छान झालं. तीन पाण्यांनी धुऊन परत ठेवले.

समितीतले एक गृहस्थ टाकीपुढं उभे राहून म्हणाले, "ग्रामीण भागात एवढी स्वच्छ प्रयोगशाळा आम्ही बघितली नाही." प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मॅडम दुसऱ्या दिवशी परत आल्या. वडील वाचले होते. बॅग खांद्यावरच होती, तशाच टाकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, दगड किती छान दिसतायत!"

तो क्षण होता. मी म्हणू शकत होतो, मॅडम, मी धुतलेत. दगड तर फुकट गेलेच होते, पण त्यांना कळलं तरी असतं. पाणी फिरवायच्या पाइपाच्या तोंडातून, टाकीच्या तळातून खपली खरवडून त्यांनी काहीतरी केलं असतं. पण त्या इतक्या दमून आल्या होत्या आणि इतक्या खूश दिसल्या, की मी नुसता हसलो. आणि खरं म्हणजे मलाही तोवर कुठं ठाऊक होतं, की मी काय केलंय? थोडी शंका होती. शंका आली की मी गप्प बसतो, हा माझा जुना स्वभाव.

तिसऱ्या पहाटे पोवळ्यांनी पिल्लं सोडली. कधी नव्हे एवढी. टाकीत रांगोळीची पूड उडवल्यासारखं दिसत होतं. मॅडमनी भांडी मांडली, दगड ठेवले, पिल्लं सोडली. पहिल्या दिवशी एकही बसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "वेळ घेतात कधी कधी." दुसऱ्या दिवशी नाही. पिल्लं गुलाबी दगडावर उतरायची, तोंड लावायची आणि उठून जायची. पुन्हा उतरायची, पुन्हा जायची. साध्या दगडावर जसं, तसंच. चौथ्या दिवशी त्यांचं फिरणं मंदावलं. आठवड्यानं भांड्यांच्या तळाशी पांढरी धूळ राहिली. तोवर दगडांवरची खपलीही फिकट पडत पडत पांढरी झाली होती.

मॅडमनी शंभरदा वही चाळली. खारेपणाचे आकडे तपासले. क्षारांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचली. शेवटी म्हणाल्या, "माझं पाणीच चुकलं, दत्ताभाऊ. क्षारांत कुठंतरी गडबड झाली. खपली मेली ती त्याच्यामुळंच." वहीत लिहिलं, 'कारण अज्ञात. बहुधा पाण्याचा दोष.' मी शेजारी उभा होतो. हातात ओलं फडकं होतं.

अहवाल गेला नाही. एप्रिलमध्ये पाणी बंद झालं, वरून रोज सहा-सहा तास वीज जायची. पोवळी एका आठवड्यात पांढरीफटक पडली. मॅडम जूनमध्ये राजीनामा देऊन औरंगाबादला गेल्या. तिथं एका ज्युनियर कॉलेजात लागल्या म्हणून कळलं. जाताना मला एक शर्टाचं कापड दिलं. "तुमच्याएवढं मनापासून कुणी केलं नाही," म्हणाल्या. ते कापड मी शिवलं नाही.

टाकी काढून ठेवायचं काम माझ्याकडंच आलं. पाणी फिरवायचा प्लास्टिकचा पाइप कोपऱ्यात एका ठिकाणी वाकलेला होता. त्या बाकात माझा ब्रश पोचत नसे. तिथं पाइप कापला, तर आत गुलाबी खपलीचा पट्टा होता, वाळून चाललेला. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं बसलेली होती. सहा किंवा सात. मेलेली, पण चुन्याची घरं शाबूत. त्याच पाण्यात, त्याच आठवड्यात, जिथं माझा हात पोचला नव्हता तिथं पिल्लं बसली होती.

मी खाली फरशीवर बसलो. गयाबाई झाडू घेऊन आली. "काय झालं रे?" म्हणाली. म्हणलं, "काई न्हाई मावशी, चक्कर आल्ती." आणि तो पाइपाचा तुकडा मी भंगाराच्या ढिगात टाकला. का टाकला ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो पत्राबरोबर औरंगाबादला पाठवता आला असता. नोकरी जायची भीती नव्हती, मी कायम झालो होतो. लाज होती फक्त. लाजेला तेवढं पुरतं.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं तशीच गेली. बेडूक बंद झाले, तक्ते आले. गयाबाई वारली. मी धुत राहिलो. पण दगडासारखं काही हातात आलं की धुण्याआधी दोनदा विचारायचो, "सर, धुवू का?" नवे मास्तर हसायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर माझ्या मुलीला औरंगाबादला प्रवेश घ्यायचा होता. ज्या कॉलेजात फॉर्म भरला तिथंच मॅडम विभागप्रमुख निघाल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या ओळखीच्या आहेत ना? भेटा की." मी तिला बाहेर बसवून आत गेलो. मॅडमचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. चहा मागवला. विचारपूस झाली. चहा अर्धा झाल्यावर मी कप खाली ठेवला.

"मॅडम, दगड मी धुतलेते. तुम्ही गावाला गेल्त्या तेव्हा."

त्यांना आधी कळलंच नाही. "कुठले दगड?"

मग मी सगळं सांगितलं. समिती, पावडर, ब्रश, पाइपाचा बाक, भंगार. कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलताच आलं नसतं. त्या ऐकत होत्या. चेहरा लाल होत गेला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या दत्ताभाऊ, जुनी गोष्ट. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी समजते आहे की मला साधं पाणीसुद्धा करता आलं नाही. मी परत नोंदणीच केली नाही त्या भीतीनं. आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"पाइप कापला त्या दिवसापासून?"

"हो."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. पाठ माझ्याकडं. मी उठावं का बसावं, कळेना. मुलीच्या प्रवेशाचा विचार मनात आला, आणि तो आल्याचीही लाज वाटली. मग त्या वळल्या. आवाज कोरडा होता, वर्गात विचारतात तसा.

"पाणी किती गरम होतं? उकळतं?"

"न्हाई. अंघोळीचं. हात घालता येत होता."

"पावडर किती?"

"मूठभर. एका बादलीला."

"किती वेळ भिजवलेत?"

"अर्धा तास आसंल."

"आणि पाइपातली खपली गुलाबी होती? नक्की? आणि त्यावर बसलेली?"

"नक्की मॅडम. सहा का सात, तेवढं मात्र पक्कं सांगता येत न्हाई."

त्या खुर्चीवर बसल्या. टेबलावर बोटानं काहीतरी हिशेब केल्यासारखं केलं. ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीत मागं रेलल्या. रागावल्या होत्या, ते दिसतच होतं. मला माफ केलंय असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, नंतरही कधी नाही. पण त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, माझ्याशी नव्हे, "माझं पाणी बरोबर होतं."